बालपरवेशीपासून बालसंगोपनापर्यंत
पाली (जि. बीड) येथील एका शिशुगृहाच्या निमित्तानें कांहीं दप्तरविचार

(१)

जुने कागद चाळणाऱ्यास लढाया, तह, वतनें व निवाडे पदोपदीं भेटतात. मूल मात्र क्वचित् भेटतें. जेथें भेटतें तेथेंहि तें बहुधा कोणाचा तरी वारस म्हणूनच भेटतें. दत्तकपत्रांत त्याचें नांव येतें, वाटणीपत्रांत त्याचा हिस्सा येतो, वंशावळीच्या शेवटच्या ओळींत त्याची जागा असते. परंतु तें मूल कोणीं वाढविलें, त्याच्या दुखण्यांत रात्रीं कोण जागलें, आणि त्या जागणाऱ्याच्या घरीं दाणा, औषध व पैका कोठून आला, याचा पत्ता कागदांतून सहसा लागत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मूल सांभाळणाऱ्यास सांभाळणारें स्थानिक खातें आपल्या प्रांतांत कसकसें घडत गेलें, त्याचे कागद कोणते, व त्या कागदांविषयीं आपलें कर्तव्य काय, एवढेंच येथें पहावयाचें आहे.

निमित्त पालीचें आहे. बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पाली हें गांव असून त्याच्याजवळच बिंदुसरा नदीवरील तलाव आहे. बीडास जाणारा संशोधक कंकालेश्वराचें देऊळ पाहतो, निजामशाहींतील सलाबतखानाच्या काळची खजाना विहीर पाहतो, आणि परत फिरतो. पालीपर्यंत जाण्याचें त्यास कारण पडत नाहीं. तथापि या गांवीं २००७ च्या सुमारास श्री. दत्ता बारगजे व सौ. संध्या बारगजे या दांपत्यानें एच्. आय्. व्ही. ची बाधा झालेल्या मुलांकरितां एक घर उघडलें. 'इन्फंट इंडिया' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. वीस वर्षांच्या आंतील गोष्ट ही इतिहास कशी, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, साधन नष्ट झाल्यावर जो जागा होतो त्याच्या हातीं केवळ हळहळ उरते. आणि या विषयाचीं साधनें जुन्या मोडी रुमालांपेक्षांहि लवकर नष्ट होत आहेत.

(२)

आरंभ जुन्यापासून करूं. 'बालपरवेशी' हा शब्द मराठेशाहीच्या दप्तराशीं परिचय असणाऱ्यांस नवा नाहीं. परवरिश या फारसी शब्दास मराठी वळण लागून तो झाला. लढाईंत अगर सरकारकामीं पडलेल्या इसमाच्या लहान मुलांच्या पोटगीकरितां जी नेमणूक होई ती बालपरवेशी. या पद्धतीचें मूळ शिवकालापर्यंत जातें. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जे लोक कामास आले त्यांच्या पुत्रांस महाराजांनीं चाकरींत चालविलें, व ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें, असें सभासद सांगतो. पुढें पेशवाईंत ही गोष्ट हिशेबाच्या एका बाबीसच येऊन पोंचली.

या बाबीचें स्वरूप नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. नेमणुकीचा हुकूम हुजुरांतून सुटला तरी पैसा बहुधा एखाद्या महालाच्या उत्पन्नावर लावून दिलेला असे. तो वसूल होऊन विधवेच्या उंबरठ्यापर्यंत पोंचणें हें कमाविसदार, देशमुख-देशपांडे आणि गांवचे पाटील-कुलकर्णी यांच्या हातीं. म्हणजे मूल सांभाळी आई किंवा चुलता. आणि त्या आईस सांभाळी तें हें स्थानिक वसुलीचें खातें. तें खातें चोख असलें तर मूल जेवे, आणि महालावर स्वारी आली किंवा वसूल थकला तर हुकूम कागदावरच राही. बीड जिल्ह्यांतच गोदाकांठीं राक्षसभुवनास ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं मराठ्यांची व निजामाची मोठी लढाई झाली. अशा प्रत्येक लढाईच्या मागें दोन्हीं पक्षांकडे किती घरांत पोरकीं मुलें उरलीं असतील याचा विचार आपण क्वचितच करतों. जय कोणाचा झाला हें आपण लिहितों. त्या जयानंतर दूध कोणीं पाजलें हें लिहीत नाहीं.

बालपरवेशीचे दोन गुण व एक मोठा दोष येथें नोंदून ठेवतों, कारण पुढील सर्व इतिहास यांच्याभोंवतीं फिरतो. पहिला गुण असा कीं, मूल घरांतच राही. मदत घराकडे जाई, मुलास घराबाहेर काढलें जात नसे. दुसरा असा कीं, हिशेब होता म्हणून आठवण राहिली. सरकारास पैसा द्यावा लागे, सबब नांव टिपलें जाई. दोष असा कीं, ही परवेशी बापाच्या चाकरीची किंमत होती, मुलाचा हक्क नव्हता. ज्याचा बाप सरकारचाकर नव्हता, दुष्काळांत मेला, किंवा ज्यास बाप म्हणून कोणी पुढें येण्यास तयारच नव्हता, तें मूल या दप्तरांत नाहीं.

(३)

हें नांव नसलेलें मूल प्रथम एकोणिसाव्या शतकांत कागदावर आलें. इ. स. १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. विधवा स्त्रीनें गुप्तपणें येऊन बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा तेथेंच ठेवावें, अशी त्याची योजना होती. त्याच गृहांत जन्मलेला यशवंत हा फुले दांपत्याचा दत्तक पुत्र होय. तो पुढें डॉक्टर झाला. आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाईंनीं ता. १० मार्च रोजीं देह ठेवला. ज्या मुलाचें नांव कोणत्याहि जुन्या वहींत येणें शक्य नव्हतें, तें मूल दुसऱ्यांचे प्राण वांचविण्यास उभें राहिलें. संस्थेच्या यशाचा याहून मोठा दाखला नको.

१८७५ मध्यें पंढरपुरास तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाजाचें तसेंच गृह निघालें. तेंच पुढें वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नांवानें चालत आलें. क्षेत्राचें गांव, यात्रेची दाटी, आणि आपल्या गांवीं तोंड दाखविण्याची सोय नसलेल्या बायका, या सर्वांमुळें जागेची निवड विचारपूर्वक झाली होती असें म्हणावें लागतें. लागोपाठच्या दुष्काळांनीं असल्या घरांची गरज वाढविली. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांत जाऊन उपासमारींतील मुली आणल्या आणि केडगांवचें मुक्तिसदन त्यांनीं भरून गेलें.

येथें पद्धत बदलली हें वाचकांच्या ध्यानीं येईल. बालपरवेशींत पैसा मुलाच्या घरीं जात होता. आतां मूल नव्या घरीं येऊं लागलें. हें अपरिहार्य होतें, कारण या मुलांस जाण्यास घरच नव्हतें. दप्तराचें स्वरूपहि त्याबरोबर पालटलें. आवकजावक वही, दाखलपत्रक, वर्गणीदारांची यादी, छापील वार्षिक अहवाल, असे नवे कागद निघाले. त्यांत वर्गणी देणाऱ्याचें नांव मोठ्या टायपांत येतें, आणि रात्रीं पाळण्यांची रांग राखणारी बाई 'इतर खर्च' या सदराखालीं दोन रुपयांच्या आंकड्यांत लपते.

बीडचा मुलूख या काळीं निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेलगत सरूरनगर येथें व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकार्थ विसाव्या शतकाच्या आरंभीं एक अनाथगृह निघालें. परंतु बालाघाटाच्या पायथ्याच्या पोरक्या मुलास तें किती दूर! त्याचा आधार म्हणजे भाऊबंद, देवस्थानचें अन्नछत्र, किंवा कोणाच्या तरी घरचें गुरें राखण्याचें काम. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास व १९६० मध्यें महाराष्ट्रास जोडला गेला. तेव्हां कोठें या भागास बाकीच्या महाराष्ट्राच्या संस्थांचें वारें लागूं लागलें.

(४)

या वाऱ्यांत सर्वांत दूरवर पोंचलेली कल्पना अंगणवाडीची. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ मध्यें त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस आल्या, तेथेंच अनुताई वाघ त्यांस मिळाल्या, आणि १९५७ मध्यें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, हा त्यांचा साधा विचार. पाड्यावरील मोठी बहीण धाकट्यास सांभाळते म्हणून शाळेंत येत नाहीं, तर धाकट्यासहि येऊं द्यावें. म्हणजे मुलाबरोबर त्यास सांभाळणारीहि सुटते. सांभाळणाऱ्याचा भार हलका करणें हीच मुलाची सेवा, हें तत्त्व येथें प्रथमच स्पष्ट झालें असें माझें मत आहे.

ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांत ३३ ठिकाणीं सुरू केली. महाराष्ट्रांतील आरंभींचीं ठिकाणें मुंबईंतील धारावी व अमरावती जिल्ह्यांतील धारणी हीं होत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, रोग्यास पुढें पाठविणें, आहार-आरोग्याचें शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखालीं आल्या. गांवांत सेविका व मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका, तिच्यावर प्रकल्प अधिकारी, आणि शेजारीं आरोग्यखात्याची परिचारिका, अशी ही सांखळी आहे. जुन्या महालाच्या रचनेशीं तिची तुलना करून पाहणें मनोरंजक आहे. भेद एवढाच कीं, कमाविसदार गांवांतून उचलून नेण्यास येई आणि पर्यवेक्षिका गांवांत कांहीं पोंचलें कीं नाहीं तें पाहण्यास येते. सेविका ही पगारी चाकर न मानतां मानधनी मानली गेली, आणि जिच्या वह्यांवर साऱ्या योजनेचा हिशेब उभा आहे तिचेंच मानधन हा वर्षानुवर्षें तंट्याचा विषय राहिला, हें येथें सांगितलें पाहिजे. २००१ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमांमुळें ही सेवा प्रत्येक वस्तीचा हक्क ठरली. आणि २००५ मध्यें औरंगाबाद येथें राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघून मराठवाड्याकडे विशेष लक्ष गेलें.

दुष्काळी कामांचीहि एक गोष्ट येथें सांगावयाची. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील बायका खडी फोडावयास गेल्या तेव्हां तान्हीं मुलें कामाच्या कडेसच झोपविलेलीं असत. रोजगार हमीच्या कामांवर पाळणाघराची सोय असावी ही गोष्ट त्या अनुभवांतून आली. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें ती नेमकी केली: कामावरील बायकांबरोबर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असतील तर त्यांतील एका बाईस मुलें राखण्यास नेमावें, आणि तिला खडी फोडणाऱ्या बाईइतकीच मजुरी द्यावी. मूल राखणें हें काम आहे, व त्याची मजुरी हजेरीपटावर लिहावयाची आहे, हें कायद्यानें मान्य केलें. रोजमुरा लिहिणाऱ्या जुन्या कारकुनास हें वाचून नवल वाटलें असतें.

(५)

आतां पालीकडे येऊं. एच्. आय्. व्ही. चा विषाणु भारतांत प्रथम १९८६ मध्यें आढळला. कुटुंबांत तो शिरला म्हणजे बहुधा आधीं बाप जाई, मग आई, आणि मागें राही तें बाधित मूल आजी-आजोबांच्या पदरीं पडे. मोफत औषधोपचार ता. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें सुरू केला. परंतु मुलांकरितां स्वतंत्र मात्रेंतील औषधांची राष्ट्रीय योजना ता. ३० नोव्हेंबर २००६ रोजीं निघाली. तोंपर्यंत मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून मुलास देणें एवढाच मार्ग होता. पालीचें घर २००७ च्या सुमारास निघालें. त्याच वर्षीं लातूर जिल्ह्यांत हासेगांव येथें रवि बापटले यांचें सेवालय निघालें. आणि १८७५ च्या त्या गृहाच्या पंढरपुरांत श्रीमती मंगल शहा यांची पालवी २००१ पासूनच चालली होती. हीं घरें एका सुमारास निघालीं हा केवळ योगायोग नव्हे. औषध आल्यामुळें मूल जगूं लागलें, आणि जगणाऱ्या मुलास घर लागतें.

असें घर कसें चालतें तें पाहिल्यास आपल्या विषयाचें मर्म हातीं येतें. हें औषध रोज, ठरल्या वेळीं, जन्मभर घ्यावयाचें असतें. खंड पडला तर विषाणु औषधास दाद देईनासा होतो. मुलाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते, आणि मूल तर वाढत असतें. म्हणून वजनाची नोंद ही येथें केवळ आंकडेमोड नव्हे; ती चुकली तर मात्रा चुकते. जिल्हा रुग्णालयांतील उपचारकेंद्र औषध देतें, रक्त तपासतें, नोंद ठेवतें. घरांतील माणूस ती गोळी रोज मुलाच्या पोटांत जाईल हें पाहतो. त्यांतील एकानें हात काढला तर दुसऱ्याचें सारें काम व्यर्थ. पालीचें घर लोकांच्या देणग्यांवर उभें राहिलें हें खरें. परंतु नुसत्या देणगीनें मूल जगत नाहीं. रुग्णालय, बालकल्याण समिती, शाळा, ग्रामपंचायत, आणि मुलाच्या मूळ गांवीं उरलेला एखादा मामा किंवा चुलता, एवढीं सर्व टोकें जुळलीं तर तें जगतें.

यांपैकीं शाळेचें टोक फार दिवस कच्चें राहिलें. बाधित मूल वर्गांत बसलें तर आमचीं मुलें काढून नेऊं, असें म्हणणारे पालक मराठवाड्यांत निघाले. २०१७ च्या कायद्यानें, जो ता. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला, असा भेदभाव बेकायदेशीर ठरविला. त्याच कायद्यांतील एक कलम संशोधकांनीं मुद्दाम वाचावें. ज्या बाधित कुटुंबाचा कारभार वडील भावंडच पाहतें, तें भावंड अठरा वर्षांच्या आंतील असलें तरी बारा वर्षांचें व समजूतदार असल्यास धाकट्यांचा पालक म्हणून शाळेंतील नांवनोंदणी, औषधोपचार, बँकेचें खातें, मिळकतीची व्यवस्था इत्यादि कामांपुरती सही करूं शकतें. अल्पवयी वतनदाराच्या नांवें आई किंवा मुतालिक कारभार पाहत असल्याचे कागद आपण पुष्कळ पाहिले. बारा वर्षांची बहीण कायद्यानें पालक, हा दाखला जुन्या दप्तरांत माझ्या पाहण्यांत नाहीं.

२०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें सांपडलेलें मूल चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे, प्रत्येक घर नोंदलेलें असलें पाहिजे, आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र धारिका व त्याच्याकरितां संगोपनाचा आराखडा असला पाहिजे. या धारिकेचें महत्त्व मूल अठरा वर्षांचें झाल्यावर कळतें. त्याचे आईबाप कोण, गांव कोणतें, जमीन होती काय, सातबाऱ्यावरील आईबापांचें नांव कमी होऊन वारसाच्या फेरफारांत याचें नांव लागलें कीं चुलत्याचेंच लागलें, हें सर्व तिच्यावरून काढावें लागतें. महाराष्ट्र सरकारनें २०१८ मध्यें अनाथांकरितां शिक्षण व नोकरींत एक टक्का समांतर आरक्षण ठेवलें. त्याकरितां लागणारें प्रमाणपत्रहि अशाच नोंदींवरून मिळतें. ज्यास कुळ नाहीं, कुळाचार नाहीं, भाटाची वही नाहीं, त्याचा सर्व कुलवृत्तांत म्हणजे ती एक पुठ्ठ्याची धारिका. ती हरवली तर त्या मनुष्याचा बखरकारच मेला म्हणावयाचें.

(६)

परंतु जिल्ह्यांतील सर्वच पोरकीं किंवा अर्धपोरकीं मुलें घरांत येत नाहींत, आणि येऊंहि नयेत. बीड हा ऊसतोडणी मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात, आणि कोयत्यामागें मुलें असतातच. तीं फडावर गेलीं तर शाळा सुटते, गांवीं राहिलीं तर आईबाप सुटतात. मागें राहिलेल्या मुलांस सांभाळते ती बहुतेक म्हातारी आजी. हीच या जिल्ह्यांतील खरी बालसंगोपन-संस्था. तिला नोंदणीक्रमांक नाहीं, फलक नाहीं.

या आजीस आधार देण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत साखरशाळा, गांवांतील हंगामी वसतिगृहें, आणि २०२१ मध्यें मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना हे मुख्य होत. या शेवटच्या योजनेंत ४१ तालुक्यांकरितां मुलांचीं व मुलींचीं मिळून ८२ वसतिगृहें ठरलीं. अंबाजोगाईस डॉ. द्वारकादास लोहिया यांनीं १९८२ मध्यें स्थापिलेल्या मानवलोकसारख्या संस्थांनीं, व शैला लोहिया यांच्या मनस्विनीनें, संकटांतील स्त्रियांस उभें करून मुलांचाहि आधार राखला. सरकारची बालसंगोपन योजना तर थेट जुन्या बालपरवेशीची आठवण करून देते. एक पालक गेलेलें किंवा नातेवाइकांकडे राहणारें मूल संस्थेंत न पाठवितां घरींच राहावें, म्हणून सांभाळणाऱ्यास दरमहा रक्कम मिळते. ती २०२३ मध्यें ११०० वरून २२५० रुपये झाली, आणि योजनेस सावित्रीबाईंचें नांव मिळालें. घरीं भेट देऊन, चौकशी करून, अहवाल लिहून देणें हें स्थानिक कार्यकर्त्याचें व जिल्हा कार्यालयाचें काम. बालपरवेशींतील गुण येथें राहिला, आणि दोष गेला. कारण आतां बाप कोणाचा चाकर होता हें कोणी विचारीत नाहीं.

मुलाचें मोल या जिल्ह्यास पटलें आहे असें समजून मात्र स्वस्थ बसूं नये. २०११ च्या खानेसुमारींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आंतील दर हजार मुलग्यांमागें मुली अवघ्या ८०७ निघाल्या. १८६३ मध्यें ज्या कारणास्तव गृह काढावें लागलें त्याचें रूप बदललें. मूळ उखडलें नाहीं.

(७)

आतां मुख्य मुद्दा. या साऱ्या खटपटीचे कागद आज कोठें आहेत? सेविकेची कुटुंबपाहणीची वही, हजेरी, आहाराचा सांठा, लसीकरण, वजनाचे आलेख, गृहभेटी, अशा अकरा वह्यांचा नमुना २०१२ च्या सुमारास ठरला होता. २०१८ पासून नोंदी भ्रमणध्वनीवर करण्यास आरंभ झाला, आणि २०२१ मध्यें पोषण ट्रॅकर नांवाची व्यवस्था आली. त्याच वर्षीं ऑगस्टांत महाराष्ट्रांतील सेविकांनीं निकृष्ट यंत्रें सरकारास परत केलीं. मराठींत काम करणाऱ्या बायकांस इंग्रजींत नोंदी कराव्या लागतात हीहि त्यांची तक्रार होती. मोडी जाऊन बाळबोध आली तेव्हां मोडी वाचणारे निदान शिल्लक होते. पडद्यावरची नोंद गांवांत उरतच नाहीं. गांवांत उरतात त्या जुन्या वह्या, आणि त्या ओलीनें, वाळवीनें व रद्दीवाल्याच्या तराजूनें संपत आहेत. वाण्याच्या पुड्यांतून ऐतिहासिक पत्रें सोडवून आणणाऱ्यांचे आपण वारस आहों. आपल्या डोळ्यांदेखत तीच गोष्ट पुन्हां घडत आहे.

परंतु येथें संग्राहकांस एक कडक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. जुना कागद जितका दुर्मिळ तितका तो मिळविण्याचा आपणांस मोह. या कागदांच्या बाबतींत तो मोह आवरला पाहिजे. बालन्याय कायद्यानें मुलाची ओळख उघड करणें हा गुन्हा आहे. बाधेच्या नोंदींस २०१७ च्या कायद्याचें आणखी एक कुलूप आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, वजनवहींत ज्याचें नांव आहे तो मनुष्य आज जिवंत आहे, कोठें तरी नोकरी करतो, लग्नाचें बोलणें करतो. त्याची वही रद्दींतून विकत घेऊन कपाटांत लावणें हा संग्रह नव्हे. ती चोरीच होय. दोनशें वर्षांपूर्वीच्या विधवेची बालपरवेशी आपण निःशंक छापतों, कारण तिला आतां कोणी बोट दाखवूं शकत नाहीं. या मुलांच्या बाबतींत तो काळ यावयाचा आहे.

मग करावें काय? माझ्या मतें चार गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत. पहिली, ज्यांत कोणाचें नांव नाहीं असे कागद, म्हणजे कोरे नमुने, परिपत्रकें, छापील अहवाल, देणगीचीं आवाहनें, पालीसारख्या घरांचीं माहितीपत्रकें, हीं मनमोकळेपणें जमवावीं. आज तीं फुकट मिळतात, पन्नास वर्षांनीं मिळणार नाहींत. दुसरी, निवृत्त झालेल्या सेविका, मदतनीस व दाया यांच्या आठवणी त्यांच्या बोलींत उतरून घ्याव्या, मुलांचीं नांवें वगळून. मानधनी बाईनें तीस वर्षांत काय पाहिलें हें कोणत्याहि अहवालांत नाहीं. तिसरी, नांवनिशीच्या वह्या व धारिका ज्या संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या आहेत तेथेंच राहूं द्याव्या. आपण त्यांस वाळवीपासून रक्षणाची विद्या, पेट्या, कापड आणि यादी करण्याचें शिक्षण द्यावें. सार्वजनिक दप्तर मनास येईल तसें जाळतां येत नाहीं, हा नियम महाराष्ट्रांत आहे. तो तालुक्याच्या कारकुनास ठाऊक असतोच असें नाहीं, तो सांगणें हेंहि आपलें काम. चौथी, मूल स्वतः मोठें होऊन आपली धारिका मागण्यास आलें, तर ती त्यास सांपडेल अशी व्यवस्था सर्वांच्या आधीं असावी. दत्तक गेलेल्यास आपल्या मुळाचा शोध करण्याचा मार्ग आजच्या नियमांत आहे. त्या कागदाचा पहिला वाचक तोच, संशोधक त्याच्यामागून.

असो. पेशवाईच्या कारकुनानें बालपरवेशीची ओळ लिहिली ती इतिहासाकरितां नव्हे. पुढच्या सालीं पैसा पुन्हां पोंचावा म्हणून लिहिली. पालीच्या घरांत आज संध्याकाळीं कोणी मुलाचें वजन टिपीत असेल, तेंहि इतिहासाकरितां नव्हे. उद्यांची मात्रा बरोबर पडावी म्हणून. असे कागद काळजीपोटीं निर्माण होतात. ते जपतांना तीच काळजी आपल्या हातांत असली, तर आपल्या संग्रहास त्या मुलांपुढें मान खालीं घालावी लागणार नाहीं.